तिनसांजेला थर्मल कॅमेरा आंधळा का होतो? कोकणातल्या बागा, जेटी आणि गोदामांसाठी समस्या निवारण

"रातीचो कुत्रो पण दिसता, पण तिनसांजेक माणूस समोरसून गेलो तरी कळना नाय."

देवगडपासून दापोलीपर्यंत थर्मल कॅमेऱ्याची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते. बोली बदलते, तक्रार बदलत नाही. पुढचा क्रमही ठरलेला: आधी रीसेट, मग फर्मवेअर अपडेट, मग "पीसच खराब आहे, बदलून द्या". नवा पीस येतो, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. हे चक्र थांबवायचं तर कॅमेऱ्याला हात लावण्याआधी वही घ्या. दोन-तीन दिवस फक्त एवढंच लिहा, की चित्र बिघडलं तेव्हा किती वाजले होते आणि बाहेर हवा कशी होती. फोनवर कुणी मला "कॅमेरा दिसत नाही" म्हणालं की मी मॉडेल नंबर नंतर विचारतो, वेळ आधी.

रोज ठरावीक वेळी, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चित्र सपाट होत असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. फक्त पावसात होत असेल तर पावसाचा भाग वाचा. आठवड्यागणिक चित्र मंद होत चाललं असेल तर मीठ. पडद्यावर एक रेघ किंवा डाग कायमचा बसला असेल तर सूर्य. आणि काहीच वेळापत्रक नसेल, चित्र मधेच जातं आणि येतं, तर तो थर्मलचा प्रश्नच नव्हे. नेटवर्क केबलचा आरजे-४५ कनेक्टर उघडून बघा, खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडलेल्या सापडतील. वळवाच्या पावसात वीज कडाडून गेल्यावर हे सुरू झालं असेल तर पीओई स्विचचा, म्हणजे केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या डब्याचा, पोर्टही बदलून बघा.

एक खुलासा इथेच. अंधारात काळं-पांढरं दाखवणारा प्रत्येक कॅमेरा थर्मल नसतो. समोर लाल ठिपक्यांसारखे एलईडी मंद चमकत असतील तर तो साधा नाईट व्हिजन कॅमेरा आहे. तो स्वतःचा अदृश्य उजेड टाकतो आणि परत आलेला बघतो. त्याचे आजार वेगळे.

दिवसातून दोनदा माणूस गायब

थर्मल कॅमेरा उजेड बघत नाही, वस्तूंमधून निघणारी उष्णतेची किरणं बघतो. सुरक्षेसाठी मिळणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता गोम अशी, की माणूस गरम आहे म्हणून दिसत नाही, तो मागच्या वस्तूपेक्षा वेगळा आहे म्हणून दिसतो. थंड देशात मागचं कुंपण पाच अंशांवर असतं, माणूस झगझगीत उठतो. आपल्याकडे उघड्या त्वचेचं तापमान ३३-३४ अंश, कपड्यांचा पृष्ठभाग त्याहून थोडा कमी, आणि मे महिन्यात संध्याकाळची हवाच तिशीच्या आसपास. त्यात जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार. दुपारी त्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, कारण तो माणसापेक्षा कितीतरी गरम असतो. गरम ते पांढरं दाखवणाऱ्या 'व्हाइट हॉट' पॅलेटवर भर दुपारी माणूस काळा दिसतो तो त्यामुळे. रात्री उशिरा गडगा निवतो आणि तोच माणूस पांढरा दिसतो. काळ्याचा पांढरा होताना मध्ये एक वेळ अशी येतेच, जेव्हा दगड आणि माणूस एकाच करड्या छटेत मिसळतात. तीच तिनसांज. सकाळी ऊन चढताना हाच खेळ उलटा. याला थर्मल क्रॉसओव्हर म्हणतात. हा बिघाड नाही आणि कुठल्याही किमतीच्या कॅमेऱ्यात तो पूर्ण टळत नाही.

खात्री करून घ्यायची पद्धत सोपी आहे. बागेतल्या एका गड्याला गडग्याच्या कडेने त्याच वाटेवरून तीनदा चालायला सांगा: भर दुपारी, तिनसांजेला आणि पहाटे चारच्या सुमारास. रेकॉर्डिंगमध्ये तो आधी काळा, मग पुसट, मग पांढरा दिसला तर कॅमेरा ठणठणीत आहे. तिन्ही वेळा पुसट दिसला तर पुढे मिठाच्या भागाकडे जा.

यावर गिऱ्हाईक विचारतं, आणि रास्त विचारतं, की ब्रोशरात तर ४० मिलिकेल्विन लिहिलंय. म्हणजे ०.०४ अंशाचा फरक कळतो. मग तिनसांजेला अर्ध्या-एक अंशाचा फरक उरतो तो का दिसत नाही?

कारण सेन्सरला तो कळतो, पडद्यापर्यंत पोचत नाही. अशा कॅमेऱ्यात सेन्सरचा आकडा साधारण १४ बिटांचा असतो. चित्र मात्र ८ बिटांचं, म्हणजे २५६ छटांचं. चौकटीतल्या सगळ्यात थंड वस्तूपासून सगळ्यात गरम वस्तूपर्यंत या छटा वाटण्याचं काम एजीसी नावाची यंत्रणा आपोआप करते. आता तुमच्या चौकटीत वर आकाशाची पट्टी आहे, जी निरभ्र रात्री जमिनीपेक्षा कितीतरी थंड दिसते, आणि खाली पंपघराचा तापलेला पत्रा किंवा चालू जनरेटर आहे. पंक्तीत पहिल्या दोघांनीच श्रीखंड संपवावं तशा सगळ्या छटा या दोघांत संपतात. मधल्या गडग्याला आणि त्यापुढच्या माणसाला दोन-चार करड्या छटा उरतात.

म्हणून माझ्या मते या तक्रारीवरचा सगळ्यात मोठा आणि फुकटचा उपाय म्हणजे चौकट बदलणे. कॅमेरा थोडा खाली वाकवा, आकाश चौकटीबाहेर घालवा. जनरेटर, चिमणी, पत्रा टाळता येत असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर सेटिंगमध्ये एजीसीचा आरओआय, म्हणजे छटा कुठल्या भागावरून ठरवायच्या ती चौकट, फक्त पहाऱ्याच्या पट्ट्यावर आखा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय असते आणि बसवून जाणारा ती कधी उघडतच नाही. नंतर तिनसांजेचं चित्र बघा. फरक अर्धा अंशच असेल, पण त्या अर्ध्या अंशाला आता कितीतरी जास्त छटा मिळालेल्या असतील.

दुसरं काम पार्श्वभूमीचं. ट्रिपवायरची, म्हणजे ओलांडली की अलार्म देणारी, रेघ लोक हमखास गडग्यावरच ओढतात, कारण हद्द तिथे असते. पण जांभा हीच सगळ्यात वाईट पार्श्वभूमी. कलमांचा पाला हवेच्या तापमानाला धरून राहतो, ऊन गेलं की लवकर निवतो. कॅमेरा असा फिरवा की गडगा ओलांडून आत आलेला माणूस चार पावलांनी कलमांच्या पाल्यासमोर येईल, आणि रेघ तिथे ओढा. चार पावलं उशिरा कळलेलं, अजिबात न कळण्यापेक्षा बरं.

तिसरं, तिनसांज आणि सकाळ या दोन्ही वेळांना साध्या कॅमेऱ्याला पुरेसा उजेड असतो. ड्युअल, म्हणजे थर्मल आणि साधा एकाच डब्यातला कॅमेरा असेल तर या वेळांपुरते अलार्म साध्या कॅमेऱ्याच्या ॲनालिटिक्सवर, म्हणजे चित्रातला माणूस ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर, टाका. एनव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यात, वेळापत्रक लावता येतं. सूर्यास्त वर्षभर हलतो, त्यामुळे ते हंगामात एकदा तरी सरकवायला लागेल. तसाही साधा कॅमेरा सोबत हवाच. थर्मलमध्ये माणूस आला हे कळतं, कोण आला ते कळत नाही. चेहरा, शर्टाचा रंग, गाडीचा नंबर यातलं काही मिळत नाही, आणि पोलीस ठाण्यात तेच विचारतात.

पावसात सगळंच सपाट

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. पाऊस दोन बाजूंनी मारतो. एक तर दगड, माती, झाड, पत्रा या सगळ्यांना धुऊन एकाच तापमानावर आणतो. भिजलेले कपडेही थंड पडतात. दुसरं, हवेतले थेंब आणि बाष्प किरणं वाटेतच गिळतात. त्यात लेन्सवर पाण्याचा पापुद्रा बसला तर खेळ खलास. आपल्या डोळ्यांना पारदर्शक असलेलं पाणी या तरंगलांबीला भिंतीसारखं असतं.

"पण आगीच्या धुरातून दिसतं ना? अग्निशमनवाले वापरतात की." हो, धुरातून दिसतं. धुराचे कण बहुतांश एक मायक्रॉनहून बारीक, त्यामुळे दहा मायक्रॉनच्या लहरी त्यांना वळसा घालून निघून जातात. धुक्याचे थेंब मात्र त्या लहरींच्याच मापाचे, दहा मायक्रॉनच्या आसपासचे. दाट धुक्यात थर्मलचा फायदा त्यामुळे फार उरत नाही. आंबोलीच्या वळणावर पावसाळ्यात साधा कॅमेरा हरतो तिथे थर्मलही बहुधा हरतोच.

अडचण अशी की जेटीवाल्यांना कॅमेरा नेमका तेव्हाच हवा असतो. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या शाकारून ठेवलेल्या, इंजिनं आणि जाळी शेडमध्ये, किनाऱ्यावर माणूस कमी. या दोन महिन्यांसाठी अंतराचं गणित वेगळं करा. उन्हाळ्यात जिथवर दिसतं त्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवा आणि शेडच्या तोंडाशी एक जवळचा कॅमेरा लावा. आत, छपराखाली, भिंतीला पाठ करून. तिथे लेन्सही कोरडी राहते आणि मागची जमीनही. उघड्यावर लावलाच असेल तर हाउसिंगवरची टोपी पुढे ओढा आणि लेन्स किंचित खाली वाकवा. चित्रात वाळू पसरल्यासारखे दाणे दिसत असतील तर एजीसीचा कमाल गेन, म्हणजे फरक किती फुगवायचा ती मर्यादा, उतरवा. फरकच नसलेल्या दृश्यात तो फरक शोधायला जातो आणि सेन्सरचा गोंगाट मोठा करून दाखवतो. तेच दाणे मग खोटे अलार्म देतात.

एक उपाय मात्र करू नका. पाऊस लागू नये म्हणून लेन्ससमोर काच किंवा ॲक्रिलिकचा तुकडा बसवणे. हे मी ठिकठिकाणी बघितलंय, आणि सिलिकॉन लावून इतकं सुबक बसवलेलं असतं की काढायला जिवावर येतं. काचेतून ही किरणं जात नाहीत. कॅमेरा काचेचंच तापमान दाखवत बसतो, म्हणून चित्र चोवीस तास एकसारखं करडं. थर्मलची लेन्स साध्या काचेची नसते, बहुधा जर्मेनियमची असते, तिचं कारण हेच. गंमत म्हणजे पातळ पॉलिथिनच्या काळ्या पिशवीतून मात्र बऱ्यापैकी दिसतं. ज्यांना पटत नाही त्यांना मी हात पिशवीत घालून दाखवतो. गाडीच्या काचेमागे बसलेला माणूस थर्मलमध्ये का दिसत नाही, याचंही उत्तर यातच आहे.

मिठाचा पापुद्रा

खारा वारा दुपारभर समुद्राकडून येतो आणि लेन्सवर बारीक मीठ बसवत राहतो. त्यावर लाल माती. चित्र एका दिवसात जात नाही, महिनाभरात उतरतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. खूण अशी: मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर उघडीप पडली आणि चित्र अचानक सुधारलं, तर आधी मीठ होतं हे नक्की.

पुसण्यात लोक लेन्स घालवतात. जर्मेनियमवर परावर्तन रोखणारं आवरण असतं; ते नसेल तर जर्मेनियमवरून बरीचशी किरणं परतच फिरतात. कोरड्या कापडाने घासलं की मिठाचे खडे आणि जांभ्याची धूळ त्या आवरणावर ओरखडे काढतात. आधी पाणी सोडून मीठ विरघळू द्या, मग मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपा, घासू नका. पाणी विहिरीचं नको, सुकल्यावर त्याचेच डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. तेलकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्याला हे करा. कॅमेरा घेताना बाहेरच्या बाजूला कठीण कार्बनचं आवरण, ज्याला डीएलसी म्हणतात, ते आहे का विचारा. ब्रॅकेट आणि स्क्रू स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे घ्या.

पश्चिमेकडे तोंड केलेला कॅमेरा

हा खास आपल्या किनाऱ्याचा रोग. घर पश्चिमाभिमुख, जेटी पश्चिमाभिमुख, म्हणून कॅमेराही समुद्राकडे. रोज मावळता सूर्य थेट लेन्समध्ये उतरतो. हा सेन्सर उष्णता शोषून गरम होणाऱ्या हजारो बारीक ठिपक्यांचा असतो. सूर्य ज्या वाटेने खाली गेला त्या वाटेची रेघ त्यावर उमटते. कधी ती तासाभरात जाते, कधी काही दिवस राहते, कधी कायमची बसते.

रेघ दिसली की मेनूतून एफएफसी किंवा शटर करेक्शन हाताने चालवा. कॅमेऱ्यातून 'टक्' असा आवाज येईल आणि चित्र क्षणभर थिजेल. एरवीही दर काही मिनिटांनी असं होतं, आणि त्या टक् आवाजालाच बिघाड समजून फोन करणारे बरेच आहेत. तो बिघाड नाही. आत एक छोटी पाती सेन्सरसमोर येते आणि सगळे ठिपके एका पातळीवर आणते. करेक्शननंतर रेघ गेली तर ठीक. आठवडाभर सूर्य टाळूनही राहिली तर सेन्सर भाजला म्हणायचं.

दिशा ठरवताना लक्षात ठेवा की सूर्य एकाच जागी मावळत नाही. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात तो खऱ्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला मावळतो. हा ५० अंशांचा पट्टा चौकटीबाहेर ठेवायचा. म्हणजे जेटीवर कॅमेरा समुद्राला समोर धरून नव्हे, किनाऱ्याला समांतर लावायचा. येणारी होडी आडवी दिसते आणि सूर्यही वाचतो.

इथे नेहमी तटरक्षक दलाचा दाखला निघतो. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर रडार आणि कॅमेऱ्यांची साखळी उभी राहिली, त्यांना लांबची होडी दिसते, मग आम्हाला का नाही? त्यांच्याकडे आधी रडार ठिपका शोधतं आणि कॅमेरा मागून तिकडे वळतो. शिवाय लांब पल्ल्याच्या सागरी कामाचे थर्मल कॅमेरे बऱ्याचदा ३ ते ५ मायक्रॉनचे, सेन्सर उणे दोनशे अंशांच्या जवळपास थंड ठेवणारे असतात. दमट हवेत लांबवर त्या पट्ट्यात चांगलं दिसतं. किमतीत आपल्या कॅमेऱ्याची आणि त्यांची तुलनाच नाही.

अंतर किती खरं?

सेन्सर ३८४ बाय २८८ ठिपक्यांचा, एकेक ठिपका १२ मायक्रॉनचा, २५ मिलिमीटर लेन्स, असा कॅमेरा घ्या. ब्रोशर म्हणेल माणूस साताठशे मीटरवर 'डिटेक्ट' होतो. खोटं नाही, पण तिथे माणूस म्हणजे रुंदीला जेमतेम दीड-दोन ठिपके. हा निकष १९५८ चा, जॉन्सन या अमेरिकी संशोधकाचा, आणि कोरड्या स्वच्छ हवेतला. या लेन्समधून १०० मीटरवर एक ठिपका ४.८ सेंटिमीटरचा, म्हणजे अर्धा मीटर रुंद माणूस दहा ठिपक्यांचा. ३०० मीटरवर तो साडेतीन ठिपक्यांचा. तो माणूस की वानर, हे सॉफ्टवेअरने कशावरून ठरवायचं? कोकणात या लेन्सवर मी १५० मीटरच्या पुढे अलार्मचा शब्द देत नाही. आणि तिथे चौकटीची रुंदी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर भरते, हेही आधीच सांगतो, कारण दहा एकरांची बाग एका कॅमेऱ्यात बसवायची अपेक्षा असते.

खोटे अलार्म

वानर, केल्डी (माकडं), रानडुक्कर, भटकी कुत्री, सिंधुदुर्गात गवा. आकाराची चाळणी लावण्याआधी पर्स्पेक्टिव्ह कॅलिब्रेशन करा. एक माणूस जवळ उभा करून त्याच्याभोवती चौकट आखा, मग तोच लांब उभा करून पुन्हा. हे न करता फक्त 'किमान आकार' वाढवला की जवळचं कुत्रं माणूस ठरतं आणि लांबचा माणूस कुत्रं. बिबट्यासाठी मात्र चाळणी उलटी हवी: आडव्या, बुटक्या आकाराचा वेगळा नियम करा आणि त्याचा अलार्म सायरनवर नको, राखणीच्या नेपाळी कामगारांच्या मोबाइलवर जाऊ द्या, म्हणजे ते खोपीबाहेर पडणार नाहीत.

माडांचाही त्रास होतो. दुपारभर तापलेलं खोड संध्याकाळी वाऱ्यावर हलतं आणि कॅमेऱ्याला उभी, गरम, हलणारी आकृती दिसते. असे माड मास्क करून, म्हणजे अलार्मच्या भागातून वगळून, टाका. ओल्या पत्र्यावरून ऊन परावर्तित होऊन येणारे झोतही त्याच यादीत.

वणव्यासाठी तापमानाचा अलार्म लावणाऱ्यांनी ६० अंशांची मर्यादा ठेवू नये. मे महिन्यात उन्हातला कातळ आणि पत्रा तिथे सहज पोचतात. आठवडाभर चौकटीतलं दुपारचं कमाल तापमान बघा आणि त्याच्या बरंच वर मर्यादा ठेवा. फार वरही नको: लांबची लहान आग एका ठिपक्याहून छोटी असते, तेव्हा आजूबाजूच्या गवताशी सरासरी होऊन तिचं तापमान कमी दिसतं. सड्यावरच्या आगीसाठी रात्री एक आणि दिवसा एक अशा दोन मर्यादा लावणं मला सोयीचं वाटतं. चकचकीत नव्या पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं तापमान मात्र यावर वाचू नका. तो स्वतःची उष्णता फार कमी सोडतो आणि आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. मोजायचंच असेल तर त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपचं तापमान वाचा.

दुरुस्तीला कधी पाठवायचा

लेन्स धुऊन, आकाश चौकटीबाहेर काढून, कोरड्या हवेत पहाटे चार वाजता वीस-तीस मीटरवरचा माणूस धूसर दिसत असेल तर. टक् आवाज येणं पूर्ण बंद झालं असेल आणि चित्रावर उभ्या रेघांचं जाळं वाढत असेल तर, पाती अडकलीय. हाउसिंगच्या आत, लेन्सच्या मागे दव धरत असेल तर; सील गेलंय, आणि सिलिका जेलची पुडी टाकून ते परत येणार नाही. सर्व्हिस सेंटरला पाठवताना मोबाइलने पडद्याचा काढलेला फोटो देऊ नका. एनव्हीआरमधून दुपार, तिनसांज आणि पहाट अशा तीन वेळांच्या मूळ क्लिपा काढा, प्रत्येकीत एक माणूस तीच वाट चालताना हवा, आणि सोबत लेन्सचा तिरक्या उजेडात काढलेला फोटो जोडा. ओरखडा सहसा वॉरंटीत बसत नाही, सील आणि पाती बहुधा बसतात. त्या फोटोवरून तुमचा वाद आधीच मिटेल.